कातरीची साक्ष

"अर्धीच वाघीण आहे ही," देवतळे सर म्हणाले. "बाकीची कुठं गेली?"

मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होते. फोटोत वरचा भाग लख्ख होता. कान, डोळे, गालावरच्या मिशा, मानेवरचे पट्टे. खांद्याच्या खाली मात्र कुणी राखुंडी फासावी तसा सपाट करडा रंग, आणि त्यातून गेलेल्या गुलाबी-हिरव्या रेघा.

"दुसरा उघडा सर."

दुसरा उघडलाच नाही. तिसरा व्यवस्थित होता. चौथ्यात वाघिणीचे पाय तिच्या पाठीवर येऊन बसले होते. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

"पोरी, हे फोटो मी स्वतः पाहिलेत. चांगले होते. कोणी हात लावला?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. "म्हणूनच भीती वाटून राहिली."

ही गोष्ट चंद्रपूरची. 'रानवाट' ही आमची संस्था दोन खोल्यांत चालायची. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या देवतळे सरांनी ती काढली होती. जंगलात झाडांना कॅमेरे बांधायचे, समोरून जनावर गेलं की ते आपोआप फोटो काढायचे, आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखून कोण कुठून कुठे जातो याची नोंद ठेवायची, एवढंच काम. पण सर ते इतकी वर्षं नेमाने करत होते, की आमच्या जंगलातल्या वाघांची अख्खी घराणी त्या फोटोंत होती. मी, सुचिता खोब्रागडे, संस्थेची एकुलती एक कॉम्प्युटरवाली. पुण्याची नोकरी सोडून परत आल्यामुळे गल्लीतल्या बायका मला भेटेल तिथे "काहून परत आली वं?" विचारायच्या. सरांनी कधीच विचारलं नाही. त्यांनी फक्त फोटोंची खोली दाखवली आणि म्हणाले, "हे सांभाळ."

फोटोतली वाघीण कातरी. डाव्या कानाची कड कात्रीने कापल्यासारखी, म्हणून हे नाव. आंबेझरीच्या डोंगरात तिची पिल्लं व्हायची आणि उन्हाळा तापला की ती त्यांना घेऊन तिथल्या नाल्याच्या खिंडीतून पलीकडच्या जंगलात पाण्याला जायची. सरांनी तिला प्रत्यक्ष कधीच पाहिलं नव्हतं. पण तिचा विषय निघाला की ते सासरी नांदणाऱ्या लेकीबद्दल बोलावं तसे बोलायचे.

दोन दिवस मी एकेक फोल्डर तपासलं. कातरीच्या फोटोंपैकी बरेच बिघडले होते. काही थोडे, काही पुरते.

"आपण बॅकअप घेतो ना पण?" सरांनी विचारलं.

"घेतो. बिघडलेल्या फाइलींचाही बॅकअप इमानदारीत घेत आलो. सर, डिस्क म्हातारी होते. तिच्यावरची अक्षरं हळूहळू पुसली जातात. आपली फाइलसिस्टिम ती तपासत नाही, जे मिळेल ते उचलून देते. चांगलं असो की वाईट, तिला फरक कळत नाही."

"फाइलसिस्टिम म्हणजे नेमकं काय, ते सांग आधी."

"डिस्कवर कोणती गोष्ट कुठं ठेवायची, कशी शोधायची, कशी परत द्यायची हे ठरवणारी व्यवस्था. आपली जुनी आहे. मला एक नवी आणायची आहे. खुल्या स्रोताची, म्हणजे तिचा सगळा कोड कोणालाही वाचता येतो. लायकेन नाव आहे."

सर एकदम खुलले. "लायकेन? म्हणजे दगडफूल! मसाल्यात घालतात ते?"

"तेच. दगडाला चिकटलं की सुटत नाही म्हणून नाव ठेवलं असेल."

सर तयार झाले. पण संस्थेचं कुठलंही मोठं काम विश्वस्तांच्या बैठकीशिवाय व्हायचं नाही, आणि बैठक म्हणजे कुंदाताई पिंपळापुरे. कुंदाताई वकील. बोलणं मऊ, पण समोरच्याला घाम फुटेपर्यंत सोडायच्या नाहीत. त्यांनी पर्समधून गॉगल काढावा तसा एकेक प्रश्न काढला.

"नवी आहे म्हणतेस. किती जण वापरतात?"

"बरेच. विद्यापीठं आहेत, एक-दोन वेधशाळा आहेत. घरोघरी नाही पोचली अजून."

"म्हणजे कच्ची आहे?"

"कच्ची नाही. तरुण आहे."

"ती बनवणाऱ्यांनी उद्या काम सोडलं तर?"

"कोड सगळ्यांकडे आहे, ताई. एकाने सोडलं तर दुसरा उचलेल. कोणीच नाही उचललं, तरी आपल्या फोटोंना कुलूप लागणार नाही. वाचणारा प्रोग्राम आपल्याजवळच असेल."

"आहे त्याच डिस्कवर बदलता येईल?"

"नाही. रिकाम्या डिस्क लागतील. दोन. तिथं नवी मांडणी करून सगळं कॉपी करावं लागेल. जुन्या डिस्क तोवर पुसायच्या नाहीत."

"सरांच्या कॉम्प्युटरवर विंडोज आहे. त्यांना दिसेल?"

"त्यांना फरकसुद्धा कळणार नाही. ते नेटवर्कवरून बघतात."

"मग बॅकअप बंद करायचा?"

"अजिबात नाही," मी म्हणाले. "कोणी चुकून पुसलं, आग लागली, चोरी झाली, तर फाइलसिस्टिम काय करेल? तिसरी प्रत दुसऱ्या इमारतीतच पाहिजे."

कुंदाताईंनी माझ्याकडे पहिल्यांदा जरा रोखून पाहिलं. मग त्या लॅपटॉप पुढ्यात ओढून लायकेनचा परवाना वाचायला लागल्या. सर अस्वस्थ होऊन पेन फिरवत होते.

"इथं लिहिलंय, कसलीही हमी नाही," त्या म्हणाल्या. "नुकसान झालं तर बनवणारे जबाबदार नाहीत. सुचिता, मी वकील आहे. यावर मी सही करू?"

मला हा प्रश्न अपेक्षित होता. आमच्या जुन्या, विकतच्या सॉफ्टवेअरचा करारनामा मी आणूनच ठेवला होता. तो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचला. मागच्या पानावर बोट थांबलं.

"इथंही तेच आहे."

"शब्दही जवळजवळ तेच आहेत ताई. हमी कोणीच देत नाही. फरक इतकाच, की इथं आत काय चाललंय ते बघता येतं."

"ठीक," त्या उठल्या. "शेवटचं. आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट कशी जाते तुला माहीत आहे. कॉपी चालू असताना गेली तर?"

मी दुसऱ्या खोलीत दोन रिकाम्या डिस्कवर लायकेन घालून ठेवलंच होतं. फोटोंचं एक मोठं फोल्डर कॉपीला लावलं. "तुम्हीच घालवा," मी म्हणाले.

कुंदाताईंनी पदर खोचला, वाकून भिंतीतला प्लग धरला आणि खसकन उपटला. पंख्याचा आवाज थांबला. सरांनी "अरे अरे" केलं. मी प्लग परत लावला. मशीन सुरू झालं. तोवर पोचलेले सगळे फोटो शाबूत होते, अर्धवट एकही नव्हता. नवं लिहून पुरं झाल्याशिवाय लायकेन जुन्याला हात लावत नाही, हे मी समजावून सांगत होते, पण कुंदाताईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी आणखी दोनदा प्लग उपटला. तिसऱ्यांदा तर मला वाटलं, त्यांना मजाच येतेय.

"आण तुझं दगडफूल," त्या म्हणाल्या.

आणलं. पण खरं कष्टाचं काम पुढे होतं. लायकेन बिघडू देत नाही. आधीच बिघडलेलं ती दुरुस्त करू शकत नाही. त्यासाठी मूळ प्रती पाहिजेत. सरांच्या घरी गोदरेजच्या कपाटात जुन्या डीव्हीडी होत्या. काहींवर ओरखडे, काहींना बुरशी. मी त्या मऊ कापडाने पुसायची, वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघायची. एका ड्राइव्हने नाकारलेली डीव्हीडी दुसरा कधीकधी मुकाट वाचायचा. सरांच्या पत्नी, मालतीकाकू, मला समोर बसवून ताक पाजायच्या आणि म्हणायच्या, "एवढं तर यांनी माझ्या लग्नाच्या फोटोंसाठी नाही केलं."

बिघडलेला एकेक फोटो मागे पडत गेला, त्याच्या जागी धड फोटो येत गेला. कातरीला पुन्हा पाय फुटले, पाठ आली, शेपटी आली. मागून चालणारी पिल्लं आली. ज्या दिवशी तिचा शेवटचा बिघडलेला फोटो पुरा झाला, त्या दिवशी सरांनी ऑफिसात सगळ्यांना सावजी जेवण घातलं.

आणि त्याच आठवड्यात नोटीस आली.

एका खाणीला आंबेझरीच्या नाल्यातून मालवाहतुकीचा रस्ता हवा होता. रुंद, दोन्ही बाजूंनी जाळी लावलेला. रस्त्याला हरकत असणाऱ्यांनी नागपूरला तज्ज्ञ समितीपुढे पुरावे द्यायचे होते. खाणीच्या अर्जात स्पष्ट लिहिलं होतं, की या खिंडीतून वाघांची ये-जा असल्याचा कोणताही विश्वसनीय पुरावा नाही.

कुंदाताई नोटीस घेऊन स्वतः आल्या. मी वाचली आणि त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"कुणकुण होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुला बैठकीत एवढं छळलं. अगं, तिथं समोरचा वकील माझ्यासारखा मऊ नसणार."

आम्ही जीपने नागपूरला गेलो तेव्हा मे महिना पेटला होता. मशीन मी मांडीवर घेऊन बसले होते, वर ओला टॉवेल धरून. त्याच्या आठवडाभर आधी ऑफिसात लाइट वर-खाली झाली होती आणि दोनपैकी एका डिस्कवरचे काही तुकडे बिघडले होते. लायकेनने ते ओळखले, दुसऱ्या डिस्कवरून चांगले तुकडे घेऊन जागच्या जागी दुरुस्त केले, आणि तसं नोंदवूनही ठेवलं. मी ती नोंद पुराव्याबरोबर जोडली होती. लपवायचं कशाला, असं मला वाटलं होतं.

सुनावणीत कुंदाताईंनी कातरीचे फोटो एकामागून एक पडद्यावर लावले. वर्षामागून वर्षं, तीच खिंड, तीच वाघीण, नवी पिल्लं. समितीच्या अध्यक्षा पुढे झुकून बघत होत्या. मला वाटलं, झालं काम.

मग खाणीचा वकील उठला. त्याच्या हातात माझीच नोंद होती.

"मॅडम, हे फोटो ज्या मशीनवर आहेत त्यात बिघाड झाला होता, हे यांनीच मान्य केलंय. नंतर एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं ते 'दुरुस्त' केले. जे यंत्र फोटो दुरुस्त करतं, ते फोटो तयारही करू शकतं. ही वाघीण जंगलातली आहे की यांच्या कॉम्प्युटरमधली?"

खोलीत हसू पसरलं. सरांचा चेहरा पांढरा पडला. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "पोरी, तुझ्या खरेपणानंच घात केला का गं?"

मी उभी राहिले.

"मॅडम, मी बोलू का? ते यंत्र चित्र काढत नाही. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती दोन डिस्कवर असतात आणि प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा, म्हणजे त्या तुकड्यावरून हिशेबानं काढलेला आकडा, वेगळा ठेवलेला असतो. वाचताना ठसा जुळला नाही, तर तो तुकडा टाकून दुसऱ्या प्रतीतला घेतला जातो. दुसरीही बिघडली असेल, तर यंत्र सरळ सांगतं की माझ्याकडे धड प्रत नाही. मनाचं काही घालत नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. यांच्यासोबत तज्ज्ञ आले आहेत. त्यांनी आमची डिस्क स्वतःच्या हातानं बिघडवावी."

खाणीचे तज्ज्ञ म्हणजे प्राध्यापक मोहरील. बारीक, उंच, शर्टाच्या खिशात दोन पेनं. आता त्यांनी मान वर केली.

"सॉफ्टवेअरच खोटं असेल तर?" त्यांनी विचारलं.

"कोड उघडा आहे, सर. तुम्ही वाचा. तुमच्या लॅपटॉपवर स्वतः तयार करा, आणि तुमच्या लॅपटॉपवरून आमच्या डिस्क वाचा."

"आणि तुमच्या यंत्रावर यायच्या आधीच कोणी फोटो बदलले असतील तर? ते तुमचा ठसा सांगणार नाही."

प्रश्न खरा होता. अगदी बरोबर होता. मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या शांतपणे उठल्या आणि समितीच्या टेबलावरच्या सीलबंद पेटीकडे बोट दाखवलं.

"देवतळे सर दरवर्षी फोटोंची एक प्रत त्यांच्या जुन्या महाविद्यालयात जमा करायचे," त्या म्हणाल्या. "या रस्त्याचं नावही कोणी काढलं नव्हतं तेव्हापासून. महाविद्यालयानं ही पेटी थेट समितीकडे पाठवली आहे. सगळ्या डीव्हीडी आता वाचता येतील असं नाही. ज्या येतील, त्यांतला हवा तो फोटो प्राध्यापकांनी निवडावा आणि ताडून बघावा."

अध्यक्षांनी मोहरीलांना दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ दिला. मशीन आणि पेटी समितीच्याच ताब्यात राहिली. ते तिथल्याच एका खोलीत काम करणार होते, आणि आम्हाला तिकडे फिरकायचीही परवानगी नव्हती.

त्या रात्री मुक्काम सरांच्या भाच्याकडे होता. सर जेवले नाहीत. "समज, तो माणूस खोटं बोलला तर?" ते म्हणाले. "त्यांनीच आणलाय त्याला."

"त्यानं विचारलेला प्रश्न खोट्या माणसाचा नव्हता," कुंदाताई म्हणाल्या आणि दुसरी पोळी वाढून घेतली.

सकाळी मोहरील उभे राहिले तेव्हा डोळे तांबारलेले होते. त्यांच्या वकिलाने त्यांना काहीतरी खुणावलं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"मी कोडचा संबंधित भाग वाचला," ते म्हणाले. "माझ्या लॅपटॉपवर तो स्वतः तयार केला. मग एका डिस्कवर मनाला येईल तिथं कचरा लिहिला. भरपूर लिहिला. खरं सांगायचं तर, मी अगदी दुष्टपणे लिहिला." कोणीतरी हसलं. "त्यानंतर फोटो उघडले. सगळे उघडले. मी कुठं कुठं बिघडवलं होतं, ते त्या सॉफ्टवेअरनं अचूक सांगितलं. पेटीतल्या ज्या डीव्हीडी वाचता आल्या, त्यांतले फोटो या फोटोंशी ताडले. एका बिटाचाही फरक नाही."

"निष्कर्ष?" अध्यक्षांनी विचारलं.

मोहरीलांनी खिशातली पेनं नीट केली. "मॅडम, ही वाघीण कॉम्प्युटरमधली नाही. ती त्या खिंडीतून चालत गेली आहे. दरवर्षी गेली आहे."

सरांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. कुंदाताई उभ्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या. फक्त त्यांनी डोळ्यांवरून पटकन पदर फिरवला आणि लगेच कागद आवरायला लागल्या.

बाहेर पोर्चमध्ये मोहरील आमच्याजवळ आले. मला वाटलं, लायकेनबद्दल काही विचारतील. ते सरांना म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर एक फोटो मिळेल? पिल्लांसकट. मी आयुष्यात वाघ पाहिला नाही."

"मीही हिला नाही पाहिलं," सर म्हणाले, आणि दोघे उन्हातच हसत उभे राहिले.

समितीने रस्ता रद्द केला नाही, पण नाल्यातून जाऊ दिला नाही. खिंड पूर्ण मोकळी ठेवून, उंच खांबांवरून तो पलीकडे न्यायचा, असा निर्णय झाला. खांब उभे राहायला काही वर्षं गेली. कातरी तोवर राहिली नव्हती. सर थकले होते, काठी घेऊन यायचे, पण यायचे. पूल सुरू झाला त्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्या खाली कॅमेरे बांधले.

आधी आले कोल्हे. मग रानडुकरांची एक रांग, मग कुणा गुराख्याची चुकलेली म्हैस. सर रोज विचारायचे, मी रोज नाही म्हणायची. कुंदाताई फोन करून विचारायच्या, त्यांनाही नाही म्हणायची.

एका दुपारी कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि मी खुर्चीतून उठले. सरांना माझ्या जागी बसवलं.

वर पुलाच्या काठावरून एका ट्रकचं चाक दिसत होतं. खाली, सावलीत, एक वाघीण चालली होती. आमच्या नोंदीत नसलेली, अंगानं भरलेली, मान सरळ. वर काय गडगडतंय याची तिला फिकीर नव्हती. तिच्या मागे तीन पिल्लं. दोन आईच्या पावलावर पाऊल टाकत होती. तिसरं मागे रेंगाळून एका खांबाला अंग घासत होतं, जणू तो खांब कुणीतरी खास त्याच्यासाठीच उभा केला होता.

सर पडद्याला हात लावून हसत होते.

उभा केलाच होता की.